आठवी गाठ

कारांग पोते गावातली शहाणी बाई भर बाराला मिठाच्या खाचरात उतरत नाही. वर ऊन, खाली पांढरंफेक मीठ, आणि दोन्हींच्या मध्ये डोळ्यांची आग होते. पण त्या साली कोरडे महिने संपायच्या आधीच वारा पडला आणि समुद्रावर ढग जमायला लागले. एक सर आली असती तरी वीस दिवसांचं मीठ परत पाणी झालं असतं. तेव्हा शहाणपण बाजूला ठेवून मिस्नाया आणि तिची सून सुहरिया भर दुपारी मीठ ओढत होत्या.

लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचं, बांधाकडेला ढीग लावायचा, टोपल्या भरायच्या आणि कावडीनं कोठारापर्यंत न्यायच्या. साठीच्या बाईचं हे काम नव्हे. दीड वर्षापूर्वीपर्यंत कावड मस्कूर वाहायचा. मस्कूर म्हणजे मिस्नायाचा एकुलता एक मुलगा, सुहरियाचा नवरा. कोठारवाल्याचा पाण्याचा पंप चोरीला गेला म्हणून पोलिसांनी त्याला एका सकाळी उचललं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कफनात गुंडाळून परत आणलं. पंप पुढं महिन्याभरानं कोठारवाल्याच्याच मेहुण्याकडं सापडला.

काल त्या खटल्याचा निकाल लागला होता. एकोणीस तारखा झाल्या. प्रत्येक तारखेला सासू-सून कोंबड्यांच्या टेम्पोत बसून जिल्ह्याच्या गावाला गेल्या आणि दिवसाची मजुरी बुडवून परत आल्या. आरोपी तीन पोलीस. फौजदाराला आणि एका शिपायाला हयगयीबद्दल चौदा-चौदा महिने पडले. तेवढे दिवस ते आधीच आत बसून आले होते, म्हणजे काल संध्याकाळी ते घरी जेवायला मोकळे झाले. तिसरा हवालदार झैनी, खटलाभर जामिनावर घरीच असलेला. तो याच गावचा, मिस्नायाच्या बांधाला बांध असलेल्या राहेमाचा मुलगा. तो निर्दोष सुटला. निकालात म्हटलं होतं, मयत संडासात पाय घसरून पडला, त्याला वेळेत दवाखान्यात नेलं नाही एवढीच चूक. त्याला कुणी मारल्याचा किंवा बांधून ठेवल्याचा पुरावा नाही.

"चौदा महिने," फळी ओढता ओढता सुहरिया म्हणाली. "आमच्या ह्यांनी खरंच पंप चोरला असता तर ह्याच्यापेक्षा जास्त पडले असते."

"फळी आडवी नको दाबू. खालची माती वर येतीय," मिस्नाया म्हणाली.

निकालावर ती एक शब्द बोलली नव्हती. तिचं दुखणं वेगळं होतं आणि ते कुठल्या कलमात बसत नव्हतं. गावात कुणीही मेलं की कफन मिस्नायाच काढायची. तीस वर्षं तिनं गावाचं कफन फाडलं होतं. कफनाला कात्री लावायची नाही. कडेला दातानं चीर पाडायची आणि मग दोन्ही हातांनी एका दमात फाडायचं. त्याच कापडाच्या काठाच्या पट्ट्या काढून गाठी मारायच्या. पुरुषाला सात. आणि माणूस कबरीत उतरवला, उजव्या कुशीवर वळवला, की आत उतरलेल्यानं त्या सगळ्या सोडायच्या. एखादी राहिली तर मेलेलं माणूस तसंच बांधलेलं राहतं, त्याला पुढं जाता येत नाही, ते परत घराकडं येतं. हे कारांग पोतेतलं शेंबडं पोरही सांगेल.

मस्कूरचं कफन मात्र तिनं फाडलं नव्हतं. ते पोलिसांनीच तालुक्याच्या दवाखान्यात गुंडाळून आणलं होतं. एका कागदावर तिचा अंगठा घेतला. तिला वाटलं पोर ताब्यात मिळाल्याची पावती आहे, आणि तो निघाला पोस्टमार्टेम नको म्हणून लिहून दिलेला कागद. घरच्यांना कब्रस्तानाच्या फाटकाशीच अडवलं. आत उतरला होता झैनी. गाठी त्यानं सोडल्या की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका तारखेला मिस्नायानं साक्षीच्या पिंजऱ्यातून तेच विचारलं, तर न्यायाधीश म्हणाले, "बाई, विचारलेल्या प्रश्नाचं तेवढं उत्तर द्या." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू तिच्या कानात अजून होतं.

"एम्बू," सुहरियानं हाक मारली. सासूला ती आईच म्हणायची. "जरा हिकडं या."

शेवटच्या खाचरातलं मीठ परवा काढलं होतं. तळाची माती रूळ फिरवून गुळगुळीत केली होती आणि अजून ओली होती. त्या मातीत पावलं उमटली होती. समुद्राच्या अंगानं आलेली, अनवाणी, मोठ्या माणसाची. बांधावर मात्र कुठंच ठसा नव्हता.

"गाठी ऱ्हायलेलं असलं तर उड्या मारत येतं म्हणतात," सुहरिया हळूच म्हणाली. "पाय जुळलेले असतात त्याचे. हे पाय सुटे हायत."

"असंल कुणीतरी. खेकडी धरायला येत्यात पोरं."

"आणि हे बघा. हितं पडलाय. गुडघं उमटलेत. हे कपाळ."

मिस्नाया वाकली. माती दोन ठिकाणी दबली होती आणि त्यापुढं हातभर अंतरावर एक उथळ, गोल खळगा होता. खळग्याच्या खाली नाकाएवढी खूण होती.

"हाताचं ठसं न्हाईत," सुहरिया म्हणाली. "पडणारं माणूस आधी हात टेकतं, एम्बू."

खाचरात पाणी ओढणारी बांबूची पवनचक्की इतका वेळ मेल्यासारखी उभी होती. ती दोनदा कुरकुरली आणि एक फेरा घेऊन थांबली. अंगाला वारा लागला नाही. मिस्नायानं फळी उचलली आणि ती सगळी खूण पुसून टाकली.

त्याच दिवशी चार वाजता राहेमा आली. दीड वर्षात ती या ओट्यावर चढली नव्हती. हातात फडक्यानं झाकलेली थाळी होती, तळलेल्या कंदाची. थाळी कुठं ठेवावी ते न कळून ती तशीच उभी राहिली.

"यू मिस्नाया," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली, "कफन पायजे होतं."

"कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं."

"मग?"

"झैनीसाठी."

आत चुलीपाशी सुहरियाच्या हातातलं झाकण खाली पडलं. मिस्नायानं राहेमाला बस म्हटलं नाही, पण जा म्हणूनही म्हटलं नाही. राहेमा पायरीवरच टेकली.

"त्याचा बाप गेल्याचा हजारावा दिवस झाला ना मागल्या महिन्यात. शंभर पानांचा भात घातला होता. आली किती, तर दोन माणसं. त्यातला एक बहिरा, त्याला काही म्हाईतच नव्हतं. बाकीचा भात कोंबड्यांनी खाल्ला, यू. मशिदीत त्याच्या शेजारी कुणी उभं ऱ्हात न्हाई. काल निकाल झाला, म्हटलं आता तरी. सकाळी दुकानात गेले तर दुकानदारीण म्हणाली साखर संपली. माझ्या डोळ्यांपुढं पोतं होतं साखरेचं."

"कोर्टाचा कागद दाखवायचा मग."

"कागदानं शेजारी उठून येतात का गं?" राहेमाचं तोंड वाकडं झालं. "मशिदीचे कियाई म्हणाले, कोर्टानं सोडलंय तर कफनात निजून तेच सांग. शुक्रवारी नमाजानंतर, सगळ्यांसमोर. आणि कफन गावाचं कफन काढणाऱ्या हातानंच काढलेलं पायजे. तो हो म्हणालाय."

कफनात निजून शपथ घेण्याची चाल गावात जुनी होती, पण मिस्नायानं ती आयुष्यात दोनदाच पाहिली होती. जिवंत माणसाला मढ्यासारखं गुंडाळायचं, सात गाठी मारायच्या, पालथ्या कुराणाखाली त्याचा शब्द घ्यायचा. खोटं बोलला तर चाळीस दिवसांत तेच कफन त्याला लागतं. पहिला माणूस, एक गाय चोरणारा, सत्तावीस दिवसांत गेला. दुसरा अजून जिवंत होता आणि तोंड वर करून फिरत होता.

"तो खोटा असला तर मरंल, राहेमा. म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय. मी इचारलंय त्याला. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, हात लावला न्हाई."

"मग भितीस कशाला?"

राहेमानं थाळीवरचं फडकं नीट केलं. तिला सांगायचं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. "झोपत न्हाई गं तो. झोपला तर कुशीवर, आणि हात पाठीमागं घेतो. दोन्ही मनगटं एकावर एक. मी रोज सोडवते. पुढं आणून ठेवते. वळून बघते तर परत मागं."

आतून सुहरिया ओरडली, "देऊ नका, एम्बू! त्यांचं त्यांना बघू द्या!" ज्याचं जळतं त्यालाच कळतं, पण इथं दोन्ही घरं जळत होती आणि मिस्नायाला ते दिसत होतं. तरी तिला राहेमाची दया आली म्हणून ती हो म्हणाली, असं नाही.

"देते," ती म्हणाली. "पण कियाईंना सांग, शपथ झाली की गाठी सोडायच्या आधी मी त्याला एक गोष्ट इचारणार. एकच. आणि तो निजलेला असतानाच."

गुरुवारी सकाळी झैनी माप द्यायला आला. साधी लुंगी, मळका सदरा, पोलिसाचे कातडी बूट नाहीत. बारक्या वयात तो आणि मस्कूर याच ओट्यावर एका थाळीत जेवायचे. मासा कमी पडला की भांडायचे आणि मिस्नाया दोघांनाही फटके द्यायची. आता तो तिशीचा होता आणि मान वर करत नव्हता.

"बिब्बी," तो म्हणाला. मावशीला ते तसंच म्हणतात.

"निजून दे माप. उभ्याचं घेत न्हाईत."

तो चटईवर आडवा झाला. तिनं काथ्याची दोरी त्याच्या डोक्याच्या वर वीतभर सोडून धरली आणि टाचांपर्यंत आणली. तीस वर्षांत जिवंत माणसावर तिनं दोरी धरली नव्हती. छाती खालीवर होत होती आणि दोरी तिच्याबरोबर हलत होती. माप गाठीनं धरल्यावर तिच्या लक्षात आलं, हीच लांबी. मस्कूरची. लग्नात त्याच्या सदऱ्यासाठी घेतलेलं माप तिच्या बोटांना अजून आठवत होतं.

"बिब्बी, काय इचारायचं ते आत्ताच इचार ना," झैनी छताकडं बघत म्हणाला.

"न्हाई. एकोणीस तारखांना उभीच माणसं बोलत होती. उभ्या माणसाच्या बोलण्यावर आता माझा इश्वास न्हाई."

तो उठून बसला. सदऱ्याची बाही ओढत त्यानं विचारलं, "गाठी किती मारणार?"

"सात. पुरुषाला सातच."

"सातच?"

"का? जास्त लागतात व्हय?"

पायरी उतरताना तो एकदा अडखळला, तोल गेला, पण त्यानं हात पुढं केले नाहीत. खांबावर खांदा आपटून सावरला. दारातून सुहरियानं ते पाहिलं आणि ती आत गेली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीच्या मोठ्या ओसरीवर कुणी जागचं हललं नाही. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. ऊन अंगणात तापत होतं आणि कुठंच वारा नव्हता. म्हातारे कियाई मुनीर दमेकरी होते, दोन वाक्यांमध्ये थांबायचे, आणि त्या थांबण्यात अंगणातल्या कोंबडीचं खुरडणंही ऐकू यायचं. झैनीला चटईवर निजवलं, डोकं उत्तरेला. दोन माणसांनी कफन गुंडाळलं. गाठी मारताना त्यांना जमेना, तशी कियाईंनी मिस्नायाला खूण केली. तिनं कापडावरूनच सगळ्या मारल्या. पायाची पहिली, डोक्याची शेवटची. तोंड तेवढं उघडं ठेवलं.

एका माणसानं कुराण त्याच्या तोंडावर धरलं. कियाई सांगत गेले आणि झैनी म्हणत गेला.

"मस्कूरच्या मरणाच्या दिवशी..."

"मस्कूरच्या मरणाच्या दिवशी..."

"मी त्याच्यावर हात टाकला नाही."

"मी त्याच्यावर हात टाकला नाही."

"हे खोटं असेल तर अल्लानं मला चाळीस दिवसांच्या आत..."

तीनदा. तिन्ही वेळा आवाज सरळ आला. राहेमानं दोन्ही तळहात तोंडावर दाबले आणि ती हमसून रडायला लागली. लोकांत एक सुस्कारा फिरला. काही जणांनी झैनीच्या मामाकडं पाहून मान डोलावली. इतका सोपा शेवट सगळ्यांनाच हवा होता.

"आता मिस्नायाबाई," कियाई म्हणाले. "एकच."

मिस्नाया पुढं सरकून त्याच्या डोक्याशी बसली. रात्रंदिवस तिनं हाच प्रश्न घोकला होता.

"काचोंग," ती म्हणाली. लहानपणी दोघांनाही ती अशीच हाक मारायची, काचोंग, पोरा. "तू माझ्या मस्कूरच्या गाठी सोडल्यास का?"

कुराण धरणाऱ्या माणसाचा हात खाली आला. मशिदीत कुणी असलं विचारेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. झैनीचे डोळे मिटलेले होते. त्याच्या कपाळावरून घाम कानात उतरत होता आणि तो पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

"सोडल्या, बिब्बी."

"सगळ्या?"

"सात सोडल्या. पायाकडून सुरू केल्या, तू शिकवल्यागत. सातही सोडल्या, अल्लाची आण." तो थांबला. "आठवी सुटली न्हाई."

"आठवी नसती रे."

"हुती." आता त्याचा आवाज बारीक झाला, पोराचा झाला. "त्याला कुशीवर वळवायला गेलो. हात छातीवर असतात ना गं मढ्याचे? नव्हते. मी कापडावरून चाचपलं. पाठीमागं हुते. पट्टी हुती, प्लॅस्टिकची. आमच्या ठाण्यातली, हात बांधायची. मांसात गेली हुती. ती हातानं सुटत न्हाई, बिब्बी, ती कापावी लागती. माझ्याकडं पातं नव्हतं. वर काठाला फौजदार साहेब उभा हुता, म्हणाला माती लोट. मी नखानं ओढलं. लई ओढलं. न्हाई सुटली. मला माफ कर. रोज येतो तो. हात सोड म्हणतो."

मिस्नायाच्या डोळ्यांसमोर ती ओली माती आली, गुडघे आणि कपाळ. मागं सुहरियानं जी किंकाळी फोडली ती बांधापर्यंत ऐकू गेली म्हणतात.

कियाई पुढं झुकले. "झैनी. कोर्टात तू सांगितलंस, त्याला बांधलं नव्हतं."

"कोर्टात इचारलं, मी बांधलं का. मी न्हाई बांधलं. मी दार लावून घेतलं आणि बाहेर बाकावर बसलो. दाराचं कुणी इचारलं न्हाई. आत्ता तुम्ही पण न्हाई इचारलं."

त्या बिचाऱ्याला अजूनही वाटत होतं, आपला गुन्हा म्हणजे एक न सुटलेली गाठ. त्यासाठी तो दीड वर्ष झुरला होता. आपण चाळीस माणसांसमोर काय बोलून बसलो ते त्याच्या गावीही नव्हतं. राहेमाला कळलं. तिचं रडणं बंद झालं होतं आणि ती खांबाला धरून उभी होती.

"गाठी सोडा माझ्या," झैनी म्हणाला. "बिब्बी, सोड ना."

मिस्नायानं सोडल्या. पायाकडून, एकेक करून, सातही. त्याचा हात कापडातून बाहेर आला तेव्हा तिनं तो तपासल्यासारखा उलटसुलट करून पाहिला आणि मग खाली ठेवला.

दीड तासात सुहरियानं वकीलबाईंना फोन लावला. रेत्नो नावाच्या त्या बाई जिल्ह्याला असायच्या, पैसे न घेता खटला बघायच्या, आणि निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत रडल्या होत्या. आता त्यांनी तेच ते तीनदा विचारलं. कोण कोण होतं, नक्की काय म्हणाला, कियाई सही देतील का. मग म्हणाल्या, "नीट ऐका. सरकारी वकिलांना अपिलाला अजून दिवस आहेत. कबर उघडायचा हुकूम मी मागते. आधी सासूबाईंच्या त्या अंगठ्यानं अडलं होतं, आणि आत काय शोधायचं तेही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. महिना लागेल. कदाचित जास्त."

"महिना कशाला?" सुहरिया म्हणाली. "आमची कबर हाय. फावडं हाय. आत्ता जाऊन त्याचे हात सोडवतो, पट्टी आणून देतो तुम्हाला."

"अजिबात नाही!" फोनमधून बाईंचा आवाज ओट्यावर ऐकू आला. "कबरीला बोट लावायचं नाही. तुम्ही उघडलीत तर ते म्हणतील, पट्टी तुम्हीच घातलीत. झैनी उद्या फिरेल, साहेब त्याला फिरवतील. साक्षीदार फिरतात, सुहरिया. ती पट्टी फिरत नाही. ती त्याच्या हातावर सापडली पाहिजे. डॉक्टरसमोर, कॅमेऱ्यासमोर."

फोन बंद झाला. सुहरिया सासूकडं बघत राहिली.

"महिनाभर तसाच ठिवायचा? ठाऊक असून? तुम्ही आई हाय का कोण? आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं, ती गोष्ट निराळी हुती."

मिस्नाया उठली. आत जाऊन तिनं मासे सोलायचं पातं काढलं, लुगड्याच्या कमरेला खोचलं आणि चालायला लागली. सुहरिया फावडं घेऊन मागोमाग निघाली. मिठाची खाचरं लागली. त्यांच्या कडेनं जाताना मिस्नायानं तिकडं पाहिलं नाही.

कब्रस्तान समुद्राच्या काठाला होतं. कबरींच्या खुणेला रोवलेले पोवळ्याचे खुंट, चाफ्याची दोन झाडं, आणि कडेला मस्कूरची कबर. दीड वर्षात माती खचून चपटी झाली होती. आत फार खोलही नसेल. पोलिसांनी घाईत खणली होती, छातीभरसुद्धा नाही. दोन बायकांना तासाभराचं काम.

सुहरियानं फावडं मातीत घातलं. पहिलं ढेकूळ निघालं. मिस्नायानं फावड्याच्या दांड्यावर हात ठेवला.

"थांब."

"का?"

"थांब म्हणते ना."

ती कबरीशी बसली. गुडघे दुखत होते. कमरेचं पातं काढून तिनं सुनेच्या हातात दिलं, दुसरीकडं बघत. तीस वर्षं तिनं गावातल्या प्रत्येक मढ्याला गाठी मारल्या होत्या आणि प्रत्येकाच्या सुटतील याची काळजी घेतली होती. तिच्या पोटचा गोळा हातभर खाली हात पाठीमागं बांधून पडला होता आणि पातं तिच्याच घरचं होतं. तिला वाटलं आपण आत्ता इथंच मरावं. मग तिनं मातीवर दोन्ही तळहात टेकले आणि खाली वाकली, कानात सांगावं तशी.

"काचोंग, आईकतोस का? मला कळलंय. झैनीनं सांगितलं. तुझे हात कुठं हायत ते कळलंय मला." तिनं निघालेलं ढेकूळ परत जागेवर बसवलं. "आता सोडवायचे न्हाईत. एवढा महिना कळ काढ. कबर उघडायला येतील त्यांना दाखव. हात तसेच ठिव, बाळा. कुणाला सोडवू देऊ नको. मी आले तरी सोडवू देऊ नको."

सुहरिया फावड्यावर कपाळ टेकून रडत होती. समुद्र सपाट होता. चाफ्याचं पानही हलत नव्हतं. आणि कबरीच्या पूर्वेकडच्या अंगाला, मधोमध, जिथं खाली त्याची पाठ होती तिथं, माती थोडीशी फुगल्यासारखी झाली आणि खडे घरंगळत खाली आले.

मिस्नायानं ते पाहिलं. ती घाबरली नाही. घरंगळलेली माती तिनं ओंजळीनं वर सारली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.